बाजेवरची जीप

आज श्रावण वद्य चतुर्दशी, उद्या पोळा. सकाळचा स्वयंपाक उरकून वाटीत हळद आणि तूप कालवलं आहे, आणि ते जीपच्या दोन्ही मडगार्डांना चोळायचं काम हाती घेतलं आहे. बैलांची खांदेमळणी गडी करतो. जीपची मला करावी लागते, कारण त्याला लाज वाटते. पहिल्या वर्षी मलाही वाटली होती. ही रीत आमच्या घरी ज्यांनी लावली त्यांना जाऊन तीन पोळे झाले. त्यांच्यासारखा मोटार शिकवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये असंही काही लोक म्हणतात. या दोन्हींतलं कोणतं मत आपलं धरावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एरवी माणसाबद्दल मत ठरवायला मला चुलीवरचं दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नाही.

ते माझ्या यजमानांचे मावसाजी, म्हणजे यजमानांच्या मावशीचे मालक. मोताळ्यात आमच्यापासून चार दारं सोडून राहायचे. मलकापूर ते बुलढाणा या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं प्रवासी मोटार चालवली आणि राजूरचा घाट इतक्या वेळा चढले-उतरले की घाटातली वळणं ते नातेवाइकांसारखी ओळखायचे. एका वळणाला ते ‘जावई’ म्हणत, कारण तिथं मान दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नोकरी संपली तरी खाकी कोट संपला नाही. भर वैशाखात तो अंगात असायचा आणि गळ्याला मफलर. माणसांकडेही ते मोटारीच्या हिशोबानंच पाहत. गावातल्या एका भांडखोर बाईबद्दल ते म्हणत, “ते दुसऱ्या गेरवरच जलमभर चालून राह्यली. इंजन गरम नाई होईन तं काय होईन?” माझ्या यजमानांबद्दल विचारलं तर म्हणायचे, “मानूस सोन्यासारखा हाय. पन न्यूट्रलमदी हाय.” हे यजमानांच्या समोर म्हणायचे, आणि यजमान हसायचे. यावरूनच मावसाजींचं म्हणणं खरं असावं असं मला वाटे.

मी त्यांच्याकडे मोटार शिकायला गेले ती हौसेनं नाही. यजमान कापसाच्या गाडीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण क्लच दाबण्याची ताकद त्या पायात परत आली नाही. आमचं शेत आठ मैलांवर, आणि लिलावात घेतलेली जुनी जीप मागच्या छपराखाली उभी. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या तेव्हा मी ठरवलं, एक तर कोंबड्या ठेवायच्या नाही तर जीप. कोंबड्या विकल्या. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्या काळी आमच्याकडे बाईनं सायकल चालवली तरी लोक दारात येऊन उभे राहत. पण रोज आठ मैल बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा लोकांनी दारात उभं राहिलेलं परवडलं.

मी गेले तेव्हा मावसाजी अंगणात बाजेवर बसले होते. म्हटलं, “मावसाजी, मले जीप शिकाची हाय.” ते म्हणाले, “उद्या सकाळी या. येतानी परात घेऊन या.”

“परात कायले?”

“स्टेरिंग नाई लागत का? का पयल्याच दिशी खरं स्टेरिंग हाती देऊ तुमच्या? ते काय खेळनं हाय?”

दुसऱ्या दिवशी मी पितळेची परात घेऊन गेले. त्यांनी मला बाजेच्या कडेवर बसवलं, पायाशी तीन विटा ओळीनं मांडल्या आणि शेजारी उखळात मुसळ उभं केलं. डावी वीट क्लच, मधली ब्रेक, उजवी एक्सिलेटर, आणि मुसळ म्हणजे गेर. पुढचे बावीस दिवस मी त्या बाजेवर बसून मलकापूरला गेले आणि परत आले. मावसाजी शेजारी बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे. चुकीच्या वेळी मुसळ हललं की तो आवाज असा काही खरखरायचा की गोठ्यातली गाय उठून उभी राहायची. समोरच्या घरातल्या सावित्रीनं एकदा बोलावून हळूच विचारलं, “वैनी, परात फिरवून फिरवून कोनतं दुखनं बरं होते व?” मी तिला म्हटलं, पाठीचं. सांगत बसायला वेळ नव्हता.

त्या बाजेवर माझ्याशिवाय आणखी दोघं होते. एक सत्तरीचे पाटील. मुलानं जीप घेतली म्हणून ती आपल्याला यायलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. दुसरा दिगंबर. अठरा वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा बसलेला, आणि ट्रकवर लागायचं म्हणून घायकुतीला आलेला. मावसाजींचा सिद्धांत असा होता की तरण्याला आणि म्हाताऱ्याला एकच मोटार शिकवू नये. “तरन्याले ब्रेक शिकवा लागते. म्हाताऱ्याले जागं राहनं शिकवा लागते.” मी विचारलं, “अन् मले?” तर म्हणाले, “तुमाले शिकवाची गरज नाई, सूनबाई. तुमचा पाय ब्रेकवरच जलमला.” हे ते कौतुकानं बोलले की टोमणा मारला, तेव्हा समजलं नाही. मी टोमणा धरला, कारण त्यानंतर रोज तेच ऐकावं लागलं. मी जीप जरा लवकर थांबवली की ते कपाळाला हात लावून म्हणायचे, “आला तुमचा ब्रेक.”

म्हाताऱ्याला जागं राहायला शिकवावं लागतं म्हणजे काय, हे पाटलांनी पहिल्याच दिवशी दाखवलं. त्यांनी जन्मभर बैलगाडी हाकली होती. बाजारातून निघावं, बैल रस्त्याला लावावेत, धोतर सावरून आडवं व्हावं आणि घर आलं की उठावं, ही त्यांची पन्नास वर्षांची पद्धत. खऱ्या जीपवर ते बसले, जीप छान सरळ रस्त्याला लावली, धोतर सावरलं आणि डोळे मिटले.

“पाटील, झोपले काय?” मावसाजी ओरडले.

“नाई बा. पन रस्ता सीधा हाय न. जाईन ते.”

“ते कुठी जाईन? तिले तुमचं घर ठाऊक हाय?”

पाटलांनी डोळे उघडले आणि जीपकडे प्रथमच संशयानं पाहिलं. या जनावराला आपलं घर माहीत नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. तोवर कडेची बाभूळ जवळ आली होती. पाटलांनी कासरा ओढावा तसं स्टेरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि “हो, हो, हो राजा” म्हटलं. बाभळीत शिरल्यावर जीप थांबली. मावसाजींनी मफलरातले काटे काढले आणि शांतपणे सांगितलं, “उद्यापासून परत बाजीवर.”

दिगंबरची गोष्ट उलटी होती. त्याला जीप म्हणजे हॉर्न आणि वेग एवढंच दिसायचं. त्याच्यासाठी मावसाजींनी घमेल्याचा धडा काढला. डोक्यावर मातीनं भरलेलं घमेलं घ्यायचं आणि बाजारच्या दिवशी मोटारीच्या रस्त्यानं राजूरच्या फाट्यापर्यंत पायी जाऊन यायचं. दिगंबर म्हणाला, “मले डायवर व्हाचं हाय, मजूर नाई.” मावसाजी म्हणाले, “जाय बे. आल्यावर सांग मले, मांगून गाडी आली तं काय झालं.” तो घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, “मान वळत नाई ना, बाबा. मांगचं दिसतच नाई.” “हां,” मावसाजी म्हणाले. “आता तुले दिसलं. डोईवर भारा असलेली बाई तुह्या हॉर्नानं बाजूले होत नाई, ते फक्त घाबरते. अन् घाबरलं मानूस कोनत्याही बाजूनं पयते.” मग त्यांनी मलाही पाठवलं. मी गेले. येताना घमेल्यात शेण भरून आणलं, म्हणजे फेरी फुकट गेली नाही. पाटलांनी डोक्यावर घमेलं घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा त्यांना कडब्याच्या गाडीमागून दोन मैल चालायला लावलं. पुढचं काही दिसत नसताना मागच्याला काय वाटतं ते कळावं म्हणून.

पण या सगळ्या तऱ्हांवर ताण होती ती बोलण्याची. मावसाजींचा शिष्य जीपवर गप्प बसू शकत नसे. समोर, डावीकडे, उजवीकडे जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. “समोर बैलगाडी. डाव्या अंगाले लिंबाचं झाड. झाडाखाली दोन मानसं, एक उठून राह्यला. उजव्या अंगाले कुत्रं, झोपेल हाय.” दहा पावलं कोणी गप्प राहिलं की ते म्हणायचे, “काऊन, रस्ता सरला का? मुका डायवर म्हंजे मोकाट बैल.” आम्ही वस्तू सांगायची आणि त्यांनी हुकूम द्यायचा. बैलगाडी म्हटलं की “उजवीकून, हळू.” पोरं म्हटलं की “थांबा. एका पोरामांग दुसरं राह्यतेच.” कुत्रं झोपेल म्हटलं की “जाऊ द्या, ते उठत नाई. उठेल राह्यलं असतं तं थांबा म्हटलं असतं.”

हे कशासाठी, असं आम्ही तिघांनीही वेगवेगळं विचारलं. पाटलांना त्यांनी सांगितलं, तोंड चालू असलं की झोप येत नाही. दिगंबरला सांगितलं, तोंडानं बोललं की डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोचतं. मला सांगितलं, जीपला एकटं वाटू नये. मी तिन्ही कारणं एकापुढे एक ठेवून पाहिली. तिन्ही पटण्यासारखी होती, आणि एका गोष्टीला तीन चांगली कारणं असली की मला त्यांतलं एकही खरं वाटत नाही. खोड मात्र अशी लागली की घरातही मी बोलायला लागले. “समोर दूध. उतू जाऊन राह्यलं.” यजमान बाजेवरून म्हणायचे, “मंग उतरव ना.” पाटील देवळात प्रदक्षिणा घालताना “समोर खांब, उजव्या अंगाले पुजारी” असं म्हणत फिरतात, ही बातमीही गावभर झाली होती.

मावसाजी स्वतः मात्र स्टेरिंगवर बसत नसत. “गुरूनं सीट धरली तं चेला उभाच राह्यते,” असं म्हणायचे. वर्षातला एकच दिवस त्याला अपवाद, पोळा. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते हळद-तूप घेऊन आमच्या छपराखाली आले, जीपचे खांदे म्हणून मडगार्ड चोळले आणि हात जोडून तिला म्हणाले, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.” दुसऱ्या दिवशी जीप धुतली, दिव्यांना गेरू लावला, टपाला घुंगरमाळ बांधली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत आमच्या जोडीमागे नेऊन उभी केली. पाटील म्हणाले, “इले शिंगं कुठी हायेत?” मावसाजी म्हणाले, “तुमच्या बैलाले हॉर्न हाय का?” झडत्यांची गाणी झाली, तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले आणि मावसाजी जीप बैलाच्या चालीनं आमच्या दाराकडे घेऊन आले. शेजारी दिगंबर बसला होता. मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होते.

आमच्या दारासमोर रस्त्यातच सावित्रीचं पांढरं वासरू बसलं होतं. जीप येत होती. मावसाजींचा चेहरा नेमका त्या वासराच्या दिशेनं होता आणि ते खुशीत हसत होते. पाय हलला नाही. ते आता थांबतील, आता थांबतील, असं म्हणेपर्यंत चाक त्याच्याजवळ आलं. तेवढ्यात दिगंबर सवयीनं, अगदी सपाट आवाजात म्हणाला, “समोर वासरू. बसेल हाय.” जीप जागच्या जागी थांबली. चाक आणि वासराचं शेपूट यांच्यात वीतभर अंतर राहिलं. लोकांनी दिगंबरचं कौतुक केलं, मावसाजींच्या शिकवणीचं कौतुक केलं, मावशींनी जीपच्या नाकाला पुरणपोळी दाखवली. मी ओवाळलं, पण माझं लक्ष ताटात नव्हतं. वासरू पांढरं, माती काळी, ऊन लख्ख, आणि माणूस सरळ त्याच्याकडे पाहत होता.

मला कोडी ठेवून झोपता येत नाही. चार दिवसांनी मी जीप चालवत होते, मावसाजी शेजारी. रस्ता लांबपर्यंत रिकामा होता, चिटपाखरू नव्हतं. मी म्हणाले, “समोर म्हातारी. डोईवर भारा.”

“कायचा?”

“गवताचा.”

“थांबा,” मावसाजी म्हणाले. “तिची मान वळत नाई. जाऊ द्या तिले पयले.”

मी थांबले. मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघं नसलेली म्हातारी जाण्याची वाट पाहत बसलो. ते समोर पाहत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “गेली का?” मी म्हणाले, “गेली.” आणि पहिला गेर टाकला. क्लच अर्धाच दाबला गेला होता, म्हणून तो खरखरला. “क्लच,” मावसाजी म्हणाले, आणखी काही नाही.

म्हणजे आम्ही तिघं मोटार शिकत नव्हतो, त्यांचे डोळे होतो, असा हिशोब मी केला. हिशोब सरळ होता, पण तोही एका दिवसात मोडला. मी मावशींना सहज विचारल्यासारखं केलं, “मावसाजी हे असं सगळं बोलून दाखवाले लावते, ते कवापासून?” मावशी ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, “लगन झालं तवापासून. वरातीच्या गाडीत मांडीवर शेला, अन् हे सांगून राह्यले, समोर गोटा, डाव्या अंगाले खड्डा. मले वाटलं पागल घरी देलं मले. मोटारीतले प्याशिंजर बी वैतागत. पन तीस वर्षांत यायच्या गाडीखाली कोंबडी नाई आली, बाई.” मग डोळे गेले म्हणून बोलणं आलं की बोलणं होतं म्हणून डोळे गेलेले कळले नाहीत? मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगून काय सांगायचं, हेच ठरत नव्हतं. एवढं मात्र केलं की त्यानंतर कोणी काही म्हणो, स्टेरिंग त्यांच्या हाती जाऊ दिलं नाही.

दिवाळीनंतर बुलढाण्याला लायसनची परीक्षा निघाली. आम्हा तिघांची परीक्षा आणि त्याच दिवशी मावसाजींच्या लायसनचं नूतनीकरण. ते झालं नाही तर त्यांना शिकाऊ माणसाच्या शेजारी बसता येणार नव्हतं, म्हणजे शिकवणी बंद. आणि शिकवणीशिवाय त्या माणसाला सकाळी उठायचं दुसरं कारण नव्हतं, हे मोताळ्यात सगळ्यांना माहीत होतं. मी जीप चालवत घाट चढले. मागच्या बाजूला सुपावर गेरूनं एल काढून बांधला होता. मागे बसलेले पाटील आणि दिगंबरही सवयीनं बोलत होते, त्यामुळे एकच झाड तीनदा येत होतं. ‘जावई’ वळणावर मात्र मावसाजी कोणी काही सांगायच्या आधीच म्हणाले, “मान द्या.”

इन्स्पेक्टर तरुण होता, पुण्याकडचा असावा. मला जीपवर बसवून तो शेजारी बसला. मी सुरुवात केली. “समोर फाटक. उजव्या अंगाले शिपाई, तंबाखू मळून राह्यला.” तो म्हणाला, “बाई, तुम्ही कोणाशी बोलताय?” मी म्हणाले, “रस्त्यासंगं.” त्यानं कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मला पास केलं. दिगंबर नापास झाला, कारण जीप उभी राहायच्या आधीच तो ऐटीत खाली उतरला. पाटलांनी अर्धा फेरा नीट मारला, मग लिंबाखाली जीप थांबवली, खाली उतरले आणि किल्ली इन्स्पेक्टरच्या हातावर ठेवून म्हणाले, “सायेब, माह्यं वय झालं. आता मले घरी नेनारं जनावर पाह्यजे. हे मलेच इचारते, कुठी जाऊ.” आणि तंबाखूची चंची काढून पारावर जाऊन बसले. इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग मावसाजींची पाळी आली. त्यांनी कोटाचं बटण लावलं. इन्स्पेक्टर म्हणाला, “बाबा, तो समोरचा ट्रक दिसतो? त्याचा नंबर वाचा.”

“जरा चालू कराले सांगा त्याले,” मावसाजी म्हणाले.

“चालू कशाला?”

“उभ्या गाडीचा नंबर काय वाचाचा, सायेब. रस्त्यावर गाड्या उभ्या नसते.”

ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं. मावसाजींनी मान जराशी कलती केली आणि म्हणाले, “अठ्ठावीस चौऱ्याहत्तर. मलकापूरच्या जिनिंगचा हाय. याचा सायलन्सर गेल्या उन्हाळ्यापासून फुटेल हाय, तुमी कसा पास केला?” इन्स्पेक्टर गोंधळला. नंबर बरोबर होता. सायलन्सरही फुटलेला होता. त्यानं टोपी काढून परत घातली आणि दुसऱ्या बाजूला बोट केलं. तिथं एक नवी कोरी मोटार सावलीत बंद उभी होती, बहुधा त्याच आठवड्यात जिल्ह्यात आलेली. “आणि ती?”

मावसाजी तसेच उभे राहिले. मोटार उभी होती. ती काही बोलली नाही. दिगंबरनं तोंड उघडलं, तो नंबर सांगणार हे मला दिसलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, ब्रेकवर देतात तसा. तेवढ्यात मावसाजी मान न वळवता म्हणाले, “सूनबाई, बोला.”

सहा महिने या माणसानं मला गप्प बसल्याबद्दल बोलणी दिली होती. मला नंबर स्वच्छ दिसत होता. चार आकडे, काळ्यावर पांढरे. मी बोलले असते तर इन्स्पेक्टर काय म्हणाला असता ते सांगता येत नाही. कदाचित हसला असता, कदाचित शिक्का मारून मोकळा झाला असता. मला ते पांढरं वासरू दिसत होतं. मी बोलले नाही. आवारात कावळा ओरडला, ट्रकचं इंजिन बंद झालं. मावसाजी आणखी थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले, मग त्यांनी कोटाचं बटण काढलं.

इन्स्पेक्टर वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, “बाबा, डोळे डॉक्टरला दाखवा.”

“दाखवले, सायेब. अकोल्याले. त्यानं बी असंच बोट दाखवून इचारलं होतं. इलाज नाई म्हने.”

घाट उतरताना मी सगळं बोलले. एकही दगड सोडला नाही. मावसाजींनी एकदाही हुकूम दिला नाही. ‘जावई’ वळणावरही नाही. त्यांच्या दाराशी जीप थांबवली तेव्हा त्यांनी विचारलं, “काय नंबर होता तिचा?” मी सांगितला. त्यांनी तो तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला, जीपचं दार चाचपलं आणि उतरता उतरता म्हणाले, “ब्रेक चांगला हाय तुमचा, सूनबाई.” आणि आत गेले. हे कौतुक होतं की टोमणा, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझी परात उंबऱ्याशी ठेवलेली होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. शिकवणी संपली असा त्याचा अर्थ. मी सडा टाकला, यजमानांना चहा दिला, परात उचलली आणि चार दारं ओलांडून गेले. मावसाजी कोट न घालता दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मी त्यांना पहिल्यांदाच बिनकोटाचं पाहिलं. विटा त्यांनी भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. त्या उचलून मी बाजेपुढे मांडल्या, मुसळ उखळात उभं केलं आणि म्हणाले, “दिगंबर नापास हाय. दोन महिन्यांनी परत जाईन तो. बाजीवर शिकवाले लायसन लागत नाई.”

“अन् गाडीवर कोन बसन त्याच्या बाजूले?”

“मी बसीन.”

“अन् मी?”

“तुमी मांग. पाटलाची जागा रिकामीच हाय.”

मी उत्तराची वाट पाहत बसले नाही. बाजेच्या कडेवर बसले, परात हातात धरली, पाय विटांवर ठेवले आणि बोलायला लागले. “समोर तुळस. उजव्या अंगाले रांजन. रांजनावर झाकन नाई.” बाज करकरली, ते शेजारी येऊन बसले होते. इतक्यात मागच्या फाटकातून मावशी गाईसाठी गवत घेऊन आत आल्या. मी म्हणाले, “समोर म्हातारी. डोईवर भारा.”

मावसाजींनी मान कलती केली. “हे खरी हाय,” त्यांनी विचारलं, “का मांगच्यासारखी?”

माझा पाय मधल्या विटेवर आपोआप दाबला गेला. दोन महिने मी समजत होते की ती रस्त्यावरची म्हातारी खोटी होती हे फक्त मलाच ठाऊक आहे. मग परीक्षेच्या दिवशी बुलढाण्याला, दिगंबर शेजारी असताना, त्यांनी नेमकं मलाच ‘बोला’ का म्हटलं असेल? ते तेव्हा कळलं नाही, आणि आज मडगार्डाला हळद लावतानाही कळलेलं नाही.

“खरी हाय,” मी म्हणाले.

“हाव. मांगच्या बाईले गवताचा वास नव्हता.” ते जरा सरसावून बसले. “मंग थांबा. जाऊ द्या तिले पयले.”

“म्हातारी कोनाले म्हनून राह्यली व?” मावशी भाऱ्याखालून म्हणाल्या. मान न वळवता.

आम्ही थांबलो. मावशी अंगण ओलांडून गोठ्यात गेल्या.

“गेली का?” मावसाजींनी विचारलं.

“गेली,” मी म्हणाले, आणि मुसळ पहिल्या गेरात टाकलं.